लागरचं यीस्ट: कुठलं घ्यायचं, किती घालायचं आणि पुढच्या बॅचला कसं ठेवायचं

घरी एल (खोलीच्या तापमानाला आंबवलेली बिअर) बनवून हात बसला की लागरचे (थंडीत आंबवलेल्या बिअरचे) डोहाळे लागतात आणि मग सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, यीस्ट कुठलं घेऊ. प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच. लागरमध्ये यीस्ट कुठलं यापेक्षा किती याला जास्त महत्त्व आहे, आणि किती म्हटलं की खर्च आला, कारण दर बॅचला दोन-दोन पाकिटं नाहीतर मोठा स्टार्टर (आधी लहान भांड्यात वाढवून घेतलेलं यीस्ट) हे परवडतही नाही आणि त्याचा कंटाळाही येतो. म्हणून माझं म्हणणं असं की लागर सुटी एकटी बनवायचीच नाही, हिवाळ्यात तीन-चार बॅचची ओळ लावायची, आणि त्यातली पहिली बॅच पिण्यासाठी कमी आणि यीस्ट वाढवण्यासाठी जास्त अशी धरायची. खाली जे काय सांगतोय ते सगळं ह्याच हिशोबानं.

आधी एक सांगून टाकतो. हे जिथं घरी बिअर बनवायला कायद्याची आडकाठी नाही तिथल्या लोकांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली तेव्हापासून फेडरल कायद्यानं घरच्या घरी चालतं, घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकटे असाल तर १००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मंडळींनी वाचावं, भाच्याला अमेरिकेत फॉरवर्ड करावं, आणि स्वतः मायक्रोब्रुअरीत जाऊन प्यावी.

आता हे यीस्ट वेगळं का. लागरचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरियानस, आणि हे मुळात संकर आहे. एक बाजू आपलं नेहमीचं एल आणि पावाचं यीस्ट, दुसरी बाजू युबायानस नावाचं थंडीत टिकणारं जंगली यीस्ट, जे २०११ मध्ये पॅटागोनियातल्या बीच झाडांच्या गाठींवर सापडल्याचं जाहीर झालं तोपर्यंत कुणाला दुसरा पालक नक्की कोण तेच माहीत नव्हतं. ही थंडीची बाजू आहे म्हणून ते ८-१० डिग्रीला काम करतं, पण थंडीत काम करतं म्हणजे हळू करतं, हळू वाढतं, आणि म्हणून सुरुवातीलाच जास्त घालावं लागतं. इथेच बहुतेकांची लागर फसते. कमी यीस्ट थंड वर्टमध्ये (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा, ज्याची पुढे बिअर होते) टाकलं की दोन-तीन दिवस हालचाल नाही, मग घाबरून तापमान वाढवायचं, मग फळांसारखा वास, वर लोण्याचा वास, आणि मग खापर फोडायचं पाकिटावर.

निवडीचं बोलू. पहिल्यांदाच करत असाल तर डोळे झाकून डब्ल्यू-३४/७० घ्या. मूळ जर्मनीतल्या वायहेनस्टेफानचं यीस्ट, जगभरच्या कितीतरी ब्रुअरी हेच वापरतात, कोरडं पाकीट ११.५ ग्रॅमचं फर्मेंटिस कंपनीच्या सॅफलागर नावानं मिळतं, चव स्वच्छ, खाली घट्ट बसतं, आणि स्वभावानं इतकं सहनशील की १०-१२ ऐवजी १५-१६ ला गेलं तरी रुसत नाही. मला विचाराल तर माणसानं दोन-तीन वर्षं ह्याच एका यीस्टवर काढावीत, कारण दर वेळी यीस्ट बदललं की चव यीस्टमुळे बदलली की तुमच्या पद्धतीमुळे हे कधीच कळत नाही.

त्यानंतरचे पर्याय. लॅलेमंडचं डायमंड हेही कोरडं, स्वच्छ, पिल्सनर आणि हेलेस ह्या फिक्या लागरना छान. एस-१८९ हे स्वित्झर्लंडच्या ह्युर्लिमान ब्रुअरीकडून आलेलं, माल्ट पुढे येऊ देतं, बॉकसारख्या दणकट बिअरला चांगलं. एस-२३ थोडं फळांकडे झुकतं, काहींना आवडतं, मला साध्या हेलेसमध्ये ते नको वाटतं. द्रव यीस्टमध्ये वायीस्टचं २१२४ आणि व्हाइट लॅब्सचं डब्ल्यूएलपी८३० ही ३४/७० च्याच घराण्यातली समजली जातात, मग दुप्पट पैसे देऊन ती का घ्यायची हा माझा प्रश्न आहे. द्रव घ्यायचंच तर कोरड्यात न मिळणारं काहीतरी घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी८३३, माल्टी बव्हेरियन बिअरसाठी फार छान यीस्ट आहे. आणि एक गंमत, पिल्सनर लागर नावानं विकलं जाणारं डब्ल्यूएलपी८०० जनुकं तपासल्यावर चक्क एलच्या कुळातलं निघालं. बिअर त्याची झकास होते, त्यामुळे पाकिटावरच्या कुळापेक्षा ग्लासातली चव बघा.

थंडीची सोयच नसेल, म्हणजे अपार्टमेंटमध्ये राहता आणि दुसरा फ्रिज ठेवला तर घरात भांडण होणार असेल, तर दोन वाटा आहेत. ३४/७० घ्या आणि १६-१८ डिग्रीत करा, किंवा कॅलिफोर्निया लागरचं यीस्ट, २११२ किंवा डब्ल्यूएलपी८१०, जे १८ पर्यंत नीट वागतं. क्वाइक नावाच्या नॉर्वेच्या यीस्टवर ३० डिग्रीला लागरसारखी बिअर होते असंही लोक करतात, पिऊन बघितली, हलकी चांगली बिअर होती, पण तिला लागर म्हणायला जीभ वळत नाही.

आता आकडे, एकदाच करू म्हणजे डोक्यातून जातील. लागरला दर मिलिलिटरला दर डिग्री प्लेटोमागे (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप) साधारण १५ लाख पेशी लागतात, एलला याच्या निम्म्या. तुमची बॅच २० लिटरची आणि वर्ट १२ प्लेटोचं, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०४८, तर १५ लाख गुणिले २०,००० गुणिले १२, झाले ३६० अब्ज. ताज्या द्रव पाकिटात साधारण १०० अब्ज असतात आणि ते शिळं होईल तसे कमी होत जातात, म्हणजे एक पाकीट सरळ ओतणं म्हणजे तहानलेल्या गावाला एक टँकर. कोरड्या यीस्टची फर्मेंटिसची शिफारस हेक्टोलिटरला ८० ते १२० ग्रॅम आहे, २० लिटरला १६ ते २४ ग्रॅम होतात, म्हणजे दोन पाकिटं, आणि १२ डिग्रीच्या खाली फर्मेंट करणार असाल तर त्याहूनही जास्त.

म्हणून ओळीतली पहिली बॅच लहान आणि हलकी करा. १० लिटर, १.०४० ते १.०४४ ची हेलेस, कडवटपणा कमी, रंग फिका, एक पाकीट ३४/७०. एका पाकिटात १० लिटर हलक्या वर्टला साधारण पुरेसं यीस्ट होतं, स्टार्टर नको, तो ढवळत ठेवणारी स्टिर प्लेट नको. ते यीस्ट फर्मेंट होताना तिप्पट-चौपट वाढतं आणि शेवटी फर्मेंटरच्या (बिअर आंबते त्या भांड्याच्या) तळाशी पुढच्या २० लिटरला लागेल तेवढा साका तयार. स्टार्टर करून ते वर्ट ओतून देण्यापेक्षा हे बरं नाही का, स्टार्टरच प्यायला मिळतो. द्रव यीस्ट असेल तर ह्या लहान बॅचलाही दोनेक लिटरचा स्टार्टर करावा लागेल, लिटरला १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, उकळा, गार करा, यीस्ट घाला, दोन दिवसांनी फ्रिजमध्ये बसू द्या, वरची निवळ ओता आणि खालचं वापरा.

पहिली बॅच चालवताना पुढच्या पिढीचा विचार आत्ताच करायचा. उकळून झाल्यावर केटल अर्धा तास निवांत बसू द्या आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा, प्रोटीनचे लोळ शक्यतो मागेच ठेवा, कारण फर्मेंटरमध्ये जे गेलं ते सगळं तुमच्या साक्यात येणार. वर्ट यीस्टच्या तापमानाच्या आसपास गार करून मगच यीस्ट घाला, ९-१० डिग्री, अमेरिकन लोकांच्या भाषेत पन्नास फॅरनहाइटच्या अलीकडे-पलीकडे. वर्ट २० डिग्रीला असताना यीस्ट घालून मग फ्रिजमध्ये ढकलायचं ही पद्धत बरेच जण सांगतात, लवकर सुरू होतं हे खरं, पण त्या गरम तासांतच नंतर लोण्यासारखा वास देणारा कच्चा माल जास्त तयार होतो.

तो लोण्याचा वास म्हणजे डायसेटिल. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्ये आपोआप डायसेटिल होतं आणि शेवटी यीस्टच ते परत खाऊन टाकतं, पण त्यासाठी यीस्ट जागं आणि तब्येतीत हवं. म्हणून साधारण तीन-चतुर्थांश साखर संपली की तापमान १६-१८ पर्यंत चढू द्या आणि दोन-तीन दिवस तिथंच ठेवा. झालं की नाही हे बघायला थोडी बिअर दोन झाकणबंद ग्लासात घ्या, एक ग्लास ६०-७० डिग्रीच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग गार करा, दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला तर अजून थांबा. गंधकाचा, उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, लागर यीस्टचं ते नेहमीचं आहे, थंडीत आठवडे काढले की जातो.

आता मुख्य काम, यीस्ट काढणं. वेळ महत्त्वाची. ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचा आकडा) स्थिर झाली, डायसेटिल गेलं, मग फर्मेंटर २-४ डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवा, यीस्ट खाली बसतं, बिअर केगमध्ये किंवा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि लागरिंग (थंडीत आठवडे मुरवणं) तिथं करा. पहिल्याच फर्मेंटरमध्ये साक्यावर दीड महिना लागरिंग करून मग ते यीस्ट वापरायचं हे करू नका, इतके दिवस उपाशी पडलेलं यीस्ट म्हातारं झालेलं असतं. शंकूसारखा तळ असलेला फर्मेंटर असेल तर पहिला काळपट लोट सोडून द्या, मधला सायीच्या रंगाचा घ्या, शेवटचा पातळ सोडा.

बिअर काढताना तळाला अर्धा-एक लिटर बिअर मुद्दाम मागे ठेवायची, भांडं गोल गोल हलवून साका तिच्यात मोकळा करायचा आणि सॅनिटाइज केलेल्या बरणीत ओतायचा. सॅनिटाइज म्हणजे काय ते सांगतो कारण इथे लोक घाई करतात. बरणी, झाकण, फर्मेंटरचं तोंड, तुमचे हात, सगळं स्टार सॅनसारख्या आम्लाच्या द्रावणातून, लिटरला दीडेक मिलिलिटर, आणि त्याआधी सगळं घासून स्वच्छ, कारण मळावर सॅनिटायझर चालत नाही. बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही हे लाल अक्षरात लिहून ठेवा. यीस्ट फ्रिजमध्येही थोडा गॅस सोडत राहतं आणि घट्ट बंद काचेची बरणी फुटू शकते, फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी काच आणि यीस्ट पसरलं की पुढची बॅच विसरा. झाकण सैल, किंवा वर फॉइल, किंवा सरळ प्लास्टिकची बाटली घ्या आणि रोज गॅस सोडा.

बरणीवर पट्टी चिकटवा आणि लिहा: यीस्टचं नाव, कितवी पिढी, काढल्याची तारीख, कुठल्या बिअरमधून. आत्ता वाटतं लक्षात राहील, पण तीन आठवड्यांनी फ्रिजमध्ये सारख्याच दिसणाऱ्या तीन बरण्या असतात.

पूर्वी सगळीकडे सांगायचे की यीस्ट उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, म्हणजे चोथा खाली, यीस्ट मधे, असं सुंदर वेगळं होतं. दिसतं सुंदर यात वाद नाही. पण बिअरमधलं अल्कोहोल आणि आम्लता हेच यीस्टचं संरक्षण असतं, ते काढून साधं पाणी घातलं की जंतूंना उलट मोकळं रान मिळतं, आणि ह्या बरणीतून त्या बरणीत ओतताना घाण जायची शक्यता प्रत्येक वेळी वाढते. थोडा चोथा राहिला तर बिअरचं काही बिघडत नाही. त्यामुळे बिअरखालीच ठेवा. मोठ्या ब्रुअरी फॉस्फोरिक आम्लात पीएच २ च्या आसपास आणून यीस्ट धुतात, त्यानं बॅक्टेरिया मरतात पण जंगली यीस्ट मरत नाही, आणि घरी ह्या भानगडीत पडण्यापेक्षा नवं पाकीट आणलेलं चांगलं.

फ्रिजमध्ये १ ते ४ डिग्रीला ठेवा, दरवाज्यात नको, मागे आत ठेवा. एक आठवड्याच्या आत वापरलं तर उत्तम, दोन आठवडे चालतं, महिना झाला तर छोटा स्टार्टर करून उठवून घ्यायचं, त्यापुढे मला भरवसा वाटत नाही. सगळ्यात भारी म्हणजे नव्या वर्टचा आणि जुनी बिअर काढायचा दिवस एकच ठेवायचा, सकाळी उकळायला ठेवा, वर्ट गार होईपर्यंत साका बरणीत, आणि संध्याकाळी तोच साका नव्या वर्टमध्ये, फ्रिजचा प्रश्नच नाही.

किती घालायचं? घट्ट बसलेल्या साक्यात, वरची निवळ ओतल्यावर, मिलिलिटरला ढोबळ एक अब्ज पेशी धरा, सगळ्याच जिवंत नसतात, थोडा चोथा असतो, म्हणून १२ प्लेटोच्या २० लिटरला साधारण ४०० मिलिलिटर. पहिल्या १० लिटरचा साका असेल तर सगळाच घाला. पुढच्या २० लिटरमधून मात्र यापेक्षा बरंच जास्त निघतं आणि तेव्हा आख्खा साका नव्या वर्टखाली ठेवून वर ओतायचा आळस करू नका, त्यात मेलेलं यीस्ट, जुना चोथा, कडवट खरवड सगळं आलं, आणि गरजेच्या दुप्पट-तिप्पट यीस्ट पडलं की नवीन पेशी फारशा तयारच होत नाहीत, मग पुढच्या पिढीला सगळं म्हातारं यीस्ट मिळतं.

बरणी फ्रिजमधून काढली की निवळ ओतायच्या आधी ती थोडी ग्लासात घेऊन चाखा. ती बिअरसारखीच लागली पाहिजे, शिळी, फ्लॅट पण बिअर. आंबट, प्लास्टिकसारखी, लवंगेसारखी किंवा जळक्या रबराची लागली तर मन मोठं करून सिंकमध्ये. वर पांढरी साय किंवा जाळी धरली असेल तरी सिंकमध्ये. साका सायीच्या रंगाचा असावा, तपकिरी आणि मांसाच्या रश्शासारखा वास आला म्हणजे पेशी फुटायला लागल्यात. आणि मागची बॅच अपेक्षेपेक्षा खूपच कोरडी (गोडी न उरलेली) झाली, फर्मेंट संपल्यावरही ग्रॅव्हिटी हळूहळू उतरतच राहिली, तर त्यात दुसरं कुठलंतरी यीस्ट शिरलंय असं समजा आणि ती वंशावळ तिथंच थांबवा. शंका असेल पण खात्री नसेल तर ग्लासभर उकळून गार केलेल्या वर्टमध्ये चमचाभर घालून खोलीच्या तापमानाला ठेवा, दिवसभरात फेस आला आणि वास स्वच्छ असला तर चालवा. हौस असेल तर मायक्रोस्कोप घ्या, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात, ४०० पटीत स्पष्ट दिसतं.

हवेचं एक लक्षात घ्या, कारण ह्यात बरेच जण अडकतात. कोरडं पाकीट पहिल्यांदा घालताना वर्टमध्ये ऑक्सिजन देण्याची गरज नसते, कारखान्यात यीस्ट वाढवतानाच त्याला हवी ती चरबी साठवून दिलेली असते. तेच यीस्ट दुसऱ्या बॅचला वापरताना मात्र तो साठा संपलेला असतो, आणि पेशीचं नवं पटल (मेम्ब्रेन) बांधायला ऑक्सिजन लागतोच. म्हणून पहिली बॅच मस्त आणि दुसरी अर्ध्यात अडकली असं होतं तेव्हा साका खराब नसतो, हवा दिलेली नसते. यीस्ट घालताना फर्मेंटर पाच मिनिटं जोरात हलवा, नाहीतर सिलिंडर आणि स्टोन असेल तर मिनिटभर शुद्ध ऑक्सिजन, आणि एकदा फेस सुरू झाला की परत हवा अजिबात नाही.

ओळ कशी लावायची. फिक्याकडून गडदाकडे, हलक्याकडून जड बिअरकडे. पहिली लहान हेलेस, तिच्या साक्यावर २० लिटरची हेलेस किंवा व्हिएन्ना, तिचा साका दोन बरण्यांत वाटा. एका बरणीवर डुंकेल, मग त्यावर डॉपेलबॉक, आणि तिथं ती फांदी संपली, कारण साडेसहा-सात टक्क्यांच्या वर गेलेलं यीस्ट दमून जातं, त्याला परत कामाला लावू नये. दुसऱ्या बरणीवर पिल्सनर, भरपूर हॉप्सची, आणि तीही फांदी तिथंच संपवा, हॉप्सची राळ पेशींवर चिकटून बसते. एकूण चार-पाच पिढ्या पुष्कळ झाल्या. ब्रुअरीवाले जास्त काढतात पण त्यांच्याकडे लॅब आहे.

आपण हिवाळ्यापुरतं हे करतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, बव्हेरियात ड्यूक आल्ब्रेख्त पाचव्यानं १५५३ मध्ये फर्मानच काढलं होतं की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिलच बनवायची, उन्हाळ्यात नाही, आणि थंडीतच बनवायची म्हटल्यावर थंडीत टिकणारं यीस्ट तिथं जम बसवणारच. शुद्ध एकाच पेशीपासून वाढवलेलं यीस्ट तर १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेननी केलं, आणि कार्ल्सबर्गनं ते लपवून न ठेवता दुसऱ्या ब्रुअरींनाही दिलं.

एप्रिल संपला, तळघर गरम व्हायला लागलं, की शेवटच्या साक्याचं काय? ३४/७० असेल तर फेकून द्या, सप्टेंबरात नवं पाकीट आणा, सहा महिने फ्रिजमध्ये जपण्यात अर्थ नाही. द्रव आणि महागाचं, सहज न मिळणारं असेल तर गोठवून ठेवता येतं, पण शेवटच्या पिढीचं नाही, पहिल्या बॅचचं. छोट्या ट्यूबमध्ये साका आणि निर्जंतुक ग्लिसरीन असं घाला की ग्लिसरीन एकूण वीसेक टक्के होईल, एक दिवस फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये, आणि फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा असेल तर ट्यूब आइसपॅकच्या मधोमध छोट्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा, नाहीतर ती रोज थोडी वितळून परत गोठत राहते आणि त्यातच यीस्ट मरतं. सप्टेंबरात काढलं की आधी शंभर मिलिलिटर वर्ट, मग अर्धा लिटर, मग दोन लिटर, आणि मग परत तीच १० लिटरची हेलेस.